दोन अर्ज आणि पाळकसाहेब

“मी अजून तयार नाही हो,” हे आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचं पालुपद. रविवारी उपासनेची वेळ झाली की चपला काढून ते शाळेच्या हॉलच्या दाराबाहेर डोळे मिटून उभे राहायचे. आत पेटीवाला तेच गीत तिसऱ्यांदा सुरू करायचा. मी मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांचा, सेक्रेटरी. बोलवायला गेलो की हेच उत्तर. एका लग्नात तर नवरा-नवरी घामाघूम होऊन उभे आणि साहेब बाहेर तयारी करतायत. आता तुम्हीच सांगा, तयारी नवरदेवानं करायची की पाळकानं?

ही ऐंशीच्या दशकातली मुलुंडची गोष्ट. आमचा हॉल भाड्याचा, भांडण मात्र स्वतःच्या मालकीचं होतं. प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर मोडून द्राक्षरस घेतात त्या विधीत, रस सगळ्यांनी एकाच प्याल्यातून घ्यायचा, की प्रत्येकाला वेगळा छोटा पेला द्यायचा? मी औषधांच्या कंपनीत कामाला, त्यामुळे जंतूंवर माझा भारी विश्वास. मी छोट्या पेल्यांच्या बाजूनं, तर समोरच्या घरातले आढावमास्तर एका प्याल्याच्या बाजूनं. वर्षभर आमचं बोलणं बंद. हॉलमध्येसुद्धा त्यांची माणसं उजवीकडं, आमची डावीकडं.

साहेबांनी एकदा काय ते सांगून टाकावं ना! ते दोघांचंही ऐकून घ्यायचे, चहा पाजायचे आणि म्हणायचे, बघू. माझं डोकंच फिरलं. असला मिळमिळीत पाळक काय कामाचा? यांची बदली करा, असा अर्ज मी कुणालाही न सांगता वरच्या ऑफिसात धाडला.

प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी आमच्यात तयारीची सभा असते. आपलं मन तपासायचं, कुणाशी वाकडं असेल तर मिटवायचं. आम्ही ती मान खाली घालून उरकायचो. त्या शनिवारी साहेब उभे राहिले आणि म्हणाले, “इथल्या एका माणसावर माझा राग आहे. तो मनात असताना उद्या मी भाकर मोडणार नाही.”

एवढं बोलून ते खाली बसले.

झालं! अर्जाचं यांना कळलं! संध्याकाळी त्यांच्या बिल्डिंगचा जिना चढतोय, तर वरून आढावमास्तर उतरतायत. दोघांनीही भिंतीकडं बघितलं.

मी साहेबांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “तुम्हीसुद्धा?”

म्हणजे मास्तरांनीही अर्ज केला होता. आणि आम्ही येऊन सांगेपर्यंत साहेबांना दोन्ही अर्जांचा पत्ताच नव्हता! मी चक्रावलो. मग तुमचा राग होता तरी कुणावर, असं विचारलं.

“ते सांगितलं तर बाकीचे सुटतील,” ते म्हणाले. “आणि माफी मी मागायला हवी. तुम्हा दोघांना एकत्र बसवायला मी घाबरलो.” त्यांनी खरंच हात जोडले. मी माफी मागायला गेलो होतो, ती देऊन परत आलो. हे काय झालं ते मला जिना उतरेपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी समजलं, मंडळीची अख्खी पंचकमिटी, राग आपल्यावरच असणार असं समजून, एकेक करून तो जिना चढून आली होती. टेबलावर पांढरं कापड अंथरलेलं होतं, पण साहेब आमच्यातच बाकावर बसले. प्रभुभोजन पुढच्या महिन्यात सगळे मिळून घेऊ, म्हणाले.

पुढचा महिना यायच्या आत बदलीचा हुकूम आला. मी आणि मास्तर धावत अर्ज मागं घ्यायला गेलो, वर्षभरात पहिल्यांदाच एकत्र. वरच्या ऑफिसातले अधिकारी म्हणाले, तुमच्या दोन्ही गटांचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालंय, ते आता कसं मोडायचं? कपाळ आमचं! स्वतःची इतकी लाज मला पूर्वी कधी वाटली नव्हती.

तो राग नक्की कुणावर होता, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही. कधी वाटतं माझ्यावर, कधी वाटतं त्यांचा स्वतःवरच.

निघायच्या दिवशी सकाळी टेम्पोत सामान चढलं आणि साहेब आम्हा दोघांपुढं फुटपाथवर गुडघे टेकून बसले. म्हणाले, “नव्या मंडळीत जातोय. माझ्यावर हात ठेवून प्रार्थना करा.”

आम्ही? ज्यांनी घालवलं त्यांनी? माझा हात उचलेचना. मास्तरांनी माझं मनगट धरलं, माझा तळवा साहेबांच्या डोक्यावर ठेवला आणि त्यावर स्वतःचा. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, आणि साहेब मान खाली घालून आमची प्रार्थना सुरू व्हायची वाट बघत होते.