गुरुवारचं वाचन

मोठ्या बाई मुख्याध्यापिका झाल्या त्या तीन आठवड्यांपुरत्या. शाळा सुरू करणारे सर आजारी पडले आणि भाषा शिकवणाऱ्या तरुण बाईंना म्हणाले, "मी येईपर्यंत ऑफिस तेवढं सांभाळा." सर आले, पण ते व्हरांड्यात खुर्ची टाकून बसण्यापुरते. तीन आठवड्यांची एकोणतीस वर्षं झाली. सुतारकामाच्या कारखान्यावर चार खोल्यांत भरणारी, सरकारी मदतीशिवाय चालणारी ती शाळा स्वतःच्या तीन मजली इमारतीत गेली. बाईंचे केस पांढरे झाले. 'मोठ्या बाई' हे नाव तर असं चिकटलं, की घरी चहा देताना त्यांचा नवराही म्हणायचा, "मोठ्या बाई, साखर बघा."

निवृत्तीनंतर संस्थेने त्यांच्यावर एकच काम सोपवलं. त्यांच्या जागी आलेल्या गणिताच्या बाईंना वर्षभर काम शिकवायचं, दर बुधवारी दोन तास. गणिताच्या बाई बाविसाव्या वर्षी शाळेत लागल्या, तेव्हा चार पालक समोर आले की त्यांची धांदल उडायची. त्यांना पायावर उभं केलं ते मोठ्या बाईंनीच. त्यामुळे चारचौघांत 'तुम्ही' आणि ऑफिसचं दार लोटलं की 'तू', अशी मोठ्या बाईंची सवय होती.

बुधवारी गेल्या की मोठ्या बाई आपल्या जुन्या खुर्चीकडे ढुंकूनही बघत नसत. सल्लाही फार देत नसत, विचारत बसत. एकदा एक वडील मुलाला खेळाच्या संघात घेतलं नाही म्हणून टेबलावर हात आपटून गेले. गणिताच्या बाई रडकुंडीला आलेल्या.

"ते ओरडत होते तेव्हा तू काय करत होतीस?"

"उत्तर शोधत होते."

"पुढच्या वेळी आधी पाणी दे. पेला रिकामा होईपर्यंत बोलू नकोस. पाणी पिताना माणसाला ओरडता येत नाही."

असं छान चाललं होतं. मग एका बुधवारी गणिताच्या बाई पेनाचं टोपण नुसतं काढघाल करत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "बाई, गुरुवारचं वाचन बंद करायचं म्हणतेय."

दुसरीतल्या प्रत्येक मुलाने एकट्याने मुख्याध्यापिकेच्या खोलीत यायचं आणि एक पान वाचून दाखवायचं, हे गुरुवारचं वाचन. मोठ्या बाईंनीच ते सुरू केलं होतं आणि अंगात ताप असतानाही चुकवलं नव्हतं.

"वेळ होत नाही का?" त्यांनी विचारलं.

"तेही आहे. पण काही मुलं बुधवारी रात्रीपासून जेवत नाहीत, असं त्यांच्या आया सांगतात. तुमच्या वेळीही सांगायच्या. आम्ही शिक्षकांनीच ते तुमच्यापर्यंत येऊ दिलं नाही."

"का?"

"तुम्हाला ते वाचन फार आवडायचं, बाई."

मोठ्या बाई "बरं" म्हणाल्या आणि त्या दिवशी अर्धा तास आधीच निघाल्या.

घरी येऊन त्या धुतलेल्याच कपबश्या पुन्हा धुवायला लागल्या. नवऱ्याने बराच वेळ बघितलं आणि काय झालं ते विचारलं. त्यांनी सांगितलं.

"मग? ती खोटं बोलतेय का?"

"तेच तर! खरंच असणार. अहो, एवढी वर्षं मी त्या मुलांचे आवाज ऐकत होते. अगदी बारीक यायचे. मला वाटायचं, या वयात आवाज असतोच तसा."

एरवी कशावरही थट्टा करणारा तो माणूस नुसता जवळ आला. त्याने त्यांच्या हातातला कप घेतला, पुसला आणि फळीवर पालथा घातला.

पुढच्या बुधवारी मोठ्या बाईंनी गुडघ्याचं निमित्त केलं. दोन दिवसांनी गणिताच्या बाईंचा फोन आला. "वाचन आता वाचनालयात घेतोय. सहावीतली मुलं जोडीला बसतात. एकदा येऊन बघा. नाही पटलं तर तसं सांगा."

त्या गुरुवारी गेल्या. वाचनालयात नुसता कलकलाट होता. चटयांवर कुणी पालथं पडून, कुणी कपाटाला टेकून वाचत होतं. पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी पुस्तक घेऊन एकटीच उभी होती. तिने मोठ्या बाईंचं बोट धरलं. "आजी, माझी सहावीतली ताई आज आली नाही. तुम्ही बसता का?"

कपाटाला धरून, गुडघ्यांची करकर ऐकत बाई खाली बसल्या. पोरीने बोट ठेवून खणखणीत आवाजात पान वाचलं. दातांच्या फटीतून 'स' निसटत होता, पण ती थांबली नाही. मग पुस्तक पुढे सरकवून म्हणाली, "आता तुमचं पान."

चष्मा ऑफिसातच राहिला होता. दुसऱ्याच ओळीला बाई अडखळल्या.

"असू दे," पोरगी म्हणाली. "मी पण अडकते. सावकाश वाचा. इथं कुणी रागवत नाही."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यामुळे उरलीसुरली अक्षरंही दिसेनात. त्यांनी अंदाजाने पान पुरं केलं. पोरीने दोन चुका काढल्या.

नंतर ऑफिसात त्या आणि गणिताच्या बाई दोघीच होत्या, तेव्हा मोठ्या बाई म्हणाल्या, "तू तरी मला तेव्हाच सांगायला हवं होतंस."

"हो. पण भीती वाटायची."

"आणि या वेळी?"

"या वेळीही वाटली. पण सांगितलं."

मोठ्या बाईंनी तिच्या गालावर हात ठेवला. "मग झालं. आता बुधवारी माझं काय काम?"

"काम आहे, बाई. संगीताचे सर रोज उशिरा येतात. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे आहेत. त्यांना बोलायचं कसं?"

मोठ्या बाई पुढे सरकून बसल्या. "उशीर का होतो, हे विचारलंस का कधी?"