दादापासून लपवलेली पानं

दादाने स्वतःहून पहिलं पुस्तक वाचलं तेव्हा तो एकावन्न वर्षांचा होता. त्याआधी त्याला वाचायला वेळ नव्हता आणि गरजही वाटली नव्हती. गोव्यात आमच्या पाळी गावच्या पट्ट्यातल्या एका लोहखनिजाच्या खाणीवर, खनिज फोडून चाळतात त्या यंत्रावर, त्याने सत्तावीस वर्षं काढली. वहिनी त्याचे कपडे वेगळ्या बादलीत धुवायची, कारण बाकीच्या कपड्यांना लाल रंग चढायचा. मग एका पावसाळ्याआधी नेहमीसारखं काम थांबलं आणि पावसाळा सरला तरी सुरू झालं नाही. खाणी बंद झाल्या.

शेजारच्या खोलीत सावंतवाडीकडचा, खनिजाचा टिपर ट्रक चालवणारा एक ड्रायव्हर भाड्याने राहायचा. तो गावी परत गेला तेव्हा खोलीत त्याचं एक पुस्तक राहिलं. मुखपृष्ठावर डोंगराच्या टोकावर हात पसरून उभा असलेला माणूस होता. दादाने ते चार दिवसांत वाचून काढलं आणि मला फोन केला. मी डिचोलीला शाळेत मराठी शिकवत होते. एम.ए. झालेली, वाचनालयाच्या कार्यकारिणीत असलेली, पुस्तकांवर बोलायला बोलावली जाणारी. दादाने पुस्तकाबद्दल फोन करावा याचं मला हसूच आलं.

“बाय, ह्यात सांगलाहा, रोज पहाटे पाचाक उठा. मी सत्तावीस वर्सां पाचाकच उठतंय. उठान पुढे काय करूचा, ता सांगूक नाय.”

तरी त्याला ते पुस्तक आवडलं होतं. आपल्याशी कोणीतरी बोलतंय असं वाटलं, म्हणाला. काम गेल्यापासून त्याच्याशी सगळे जपून बोलत होते, नाहीतर बोलतच नव्हते. हा लेखक मात्र सरळ ‘तुम्ही’ म्हणून सुरुवात करत होता.

मग तो तसलीच पुस्तकं वाचू लागला. शुक्रवारच्या बाजाराला म्हापशाला गेला की बसस्टँडजवळ पुस्तकं मांडून बसणाऱ्याकडून एखादं आणायचा. स्मरणशक्ती कशी वाढवावी, चारचौघांत कसं बोलावं, राग कसा आवरावा. प्रत्येकावर त्याचं मत ठरलेलं असे. रागावरच्या पुस्तकाबद्दल म्हणाला, “ह्या माणसाक राग येवचा कारणच नाय. म्हणान तेका आवरता येता.”

मला त्या पुस्तकांची चीड यायची. मी ती उघडपणे बोलून दाखवली. ही खोटी पुस्तकं आहेत, म्हटलं, माणसाला त्याच्या हालांचं कारण त्याच्याच आळसात शोधायला लावतात. खरं वाचायचं तर कादंबरी वाच. आणि मी त्याला एक कादंबरी नेऊन दिली, मला स्वतःला फार आवडलेली. महिनाभराने त्याने ती परत केली.

“बरी आसा. पण ह्यात कोण कामाक जायत नाय गो. सगळे बसतत आनी आठवत रवतत.”

मी दुखावले. त्या कादंबरीवर मी वाचनालयात तासभर बोलले होते, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्याला कामाला लावणारं पुस्तक त्याने स्वतःच शोधलं. अळंबीची लागवड, घरच्या घरी. पातळसं, पण चित्रं चांगली. भाताचा पेंढा उकळायचा, निथळायचा, प्लास्टिकच्या पिशव्यांत बियाण्याबरोबर थरावर थर भरायचा आणि अंधाऱ्या जागेत टांगून ठेवायचा. त्याने मागची खोली रिकामी केली, उजेड येऊ नये म्हणून जनेलाला गोणपाट लावलं आणि वाशांना चाळीस पिशव्या टांगल्या. तीन आठवड्यांत पिशव्यांच्या भोकांतून पांढऱ्या कानांसारखी अळंबी बाहेर आली. ते पाहायला त्याने मला मुद्दाम बोलावलं. दार लोटलं, दिवा लावला आणि बाजूला सरून मला आत जाऊ दिलं. खाण बंद झाल्यानंतर त्याच्या चेहऱ्यावर तसं काही मी पहिल्यांदाच पाहत होते. बेकरीच्या उंडे पावांबरोबर त्या दिवशी वहिनीने त्याच अळंबीचं तोंडाक, नारळाच्या वाटणाचं कालवण, केलं. आम्ही तिघं पोटभर जेवलो.

त्याला खोकला आधीपासून होता. खाणीवरच्या प्रत्येकालाच होता. पण दुसरं पीक आलं तेव्हा तो खोकला बदलला. त्या खोलीतून बाहेर आला की भिंतीला धरून उभा राहायचा. तिसऱ्या पिकाच्या वेळी आम्ही त्याला मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टर तरुण होती. तिने त्याला तपासलं, छातीचे फोटो पाहिले, काम विचारलं आणि मग घरी काय करता तेही विचारलं. अळंबी ऐकल्यावर तिने पेन खाली ठेवलं. तयार अळंबीतून बारीक भुकटी उडते, ती धड छातीलाही बाधते, म्हणाली, आणि यांची छाती धड नाही. आधी धुळीने गेलेली आहे. मग तिने त्याला बाहेर बसायला सांगितलं आणि उरलेलं वहिनीला आणि मला सांगितलं. वर्ष, फार तर दीड.

पुस्तकात ओलावा किती हवा, माश्या कशा टाळाव्यात, सगळं होतं. नाकातोंडाला फडकं बांधा एवढी एक ओळ नव्हती. मी ते पुस्तक नंतर पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचलं. नव्हती.

बाहेर येताच त्याने विचारलं, “काय म्हणाली?”

“ॲलर्जी,” मी म्हटलं. “अळंबीची. बंद करायची.”

वहिनीने मान डोलावली. आम्ही ठरवलं नव्हतं, पण तेवढ्यात ठरलं. आम्ही दोघींनी ते खोटं पुढे वर्षभर धरून ठेवलं. दादाने पिशव्या स्वतः उतरवल्या. मी मदतीला गेले तर म्हणाला, तू नको, तुझ्याही छातीत जायची.

पुढच्या पावसाळ्यात त्याला ऑक्सिजनचं यंत्र लागलं. ते सारखं घरघरत असे. पुस्तक हातात धरून बसलं की हात दुखायचे, म्हणून दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी पाळीला जाऊन त्याला वाचून दाखवू लागले. आता त्याला कादंबऱ्याच हव्या होत्या. कसं वागावं ते सांगणारी पुस्तकं पुरे झाली, म्हणाला. त्या काळात मी त्याला पाच-सहा कादंबऱ्या वाचून दाखवल्या आणि मोठ्याने वाचताना मला त्या वेगळ्याच दिसल्या. एकटीने वाचताना ज्या वर्णनांवर मी खुणा करून ठेवल्या होत्या, ती वाचताना दादा डोळे मिटून वाट पाहत राहायचा. माणसं बोलू लागली की डोळे उघडायचा. “हां, आता सांग.” एका बक्षीस मिळालेल्या कादंबरीत धुक्याचं सव्वा पान होतं. ते संपल्यावर म्हणाला, “धुका पडला म्हटला आसता तरी माका समाजला आसता.”

मग मी एक जाडजूड कादंबरी नेली. गिरणीत काम करणारा एक माणूस, त्याची बायको, धाकटा भाऊ. खूप वर्षांपूर्वी वाचलेली, म्हणून तपशील आठवत नव्हते. ह्यात लोक कामाला जातात, मी त्याला सांगितलं. तो खूश झाला. गिरणीतल्या यंत्राचं वर्णन ऐकताना त्याने दोनदा मला थांबवून ते यंत्र तसं चालत नाही असं समजावलं. तीन शनिवार आम्ही वाचत होतो. चौथ्या शनिवारी पान उलटलं आणि मला पुढचं आठवलं. त्या माणसाच्या छातीत कापसाची धूळ भरते आणि तो मरतो. झटकन नाही. चाळीस पानं लागतात.

मी एक परिच्छेद वाचला, खोकले, पाणी प्याले. मग पानं एकदम उलटली आणि तोंडाने गोष्ट रचली. तो माणूस गिरणी सोडतो, हवापालटासाठी लेकीकडे जातो, तिथे त्याला बरं वाटतं. आवाज वाचनाचाच ठेवला. मुलांना गोष्टी सांगायची सवय होती, जमलं. पुढे भावाची गोष्ट सुरू होत होती, तिथे पुन्हा पुस्तकाला धरलं. दादाने काही विचारलं नाही. मी निघताना म्हणाला, “पुस्तक हयच ठेव. जड आसा, परत परत कित्या नेतंस?” मी ठेवलं. त्याच्याने धरवणार नाही याची मला खात्री होती.

पुढच्या शनिवारी गेले तर तो उशीला टेकून बसला होता. मांडीवर दुसरी उशी, उशीवर पुस्तक.

“तो माणूस लेकीकडे गेलो म्हटलंस तू,” तो म्हणाला. “तेका लेकच नाय गो बाय.”

मी उभीच होते. खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नव्हती.

“चार दीस लागले माका ती पानां वाचूक. आता खरां सांग. माका किती दीस?”

वहिनी मागे विहिरीवर होती. मी तिची वाट पाहायला हवी होती. पाहिली नाही. डॉक्टरने सांगितलेलं सगळं त्याला सांगितलं. तिने दिलेला काळ जवळजवळ संपत आलाय तेही सांगितलं. मी रडत होते, तो रडत नव्हता. त्याने यंत्राची नळी नाकाशी नीट केली.

“बरोबर लिवलाहा तेणी,” मग म्हणाला. “एक सोडून. शेवटाक तो माणूस भावाशी बोलता. दीड पान. इतको दम खंयसून आणलो?”

मला वाटलं, आता तो सुटला. मोकळा झाला. कादंबऱ्यांमध्ये सत्य कळलं की माणसं मोकळी होतात. दादा मोकळा झाला नाही. त्या दिवसापासून त्याने खाणं कमी केलं. सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसायचा, तेही सोडलं. कशाला, म्हणायचा. डोंगरावरच्या माणसाचं ते पहिलं पुस्तक उशाला असे. ते त्याने वहिनीकरवी माडीवर ठेवायला लावलं. मी वाचू का विचारलं तर म्हणाला, आज नको. पुढच्या शनिवारी पण नको म्हणाला. मग मी नुसती जाऊन बसायची आणि यंत्राची घरघर ऐकून परत यायची.

वहिनीला त्यानेच सांगितलं, की बायने सगळं सांगितलंय. ती माझ्यावर ओरडली नाही. चुलीपाशी वळून एवढंच म्हणाली, “तेच्या अंगात धीर होतो तो तू काडून घेतलंस.”

“वहिनी, त्याने विचारलं. मी खोटं कसं बोलणार?”

“वर्सभर बोललंस मा? आनी दोन म्हयने बोललंस आसतंस तर काय झाला आसता?”



सहा आठवड्यांनी, एका मंगळवारी दुपारी तो गेला. शाळेतून निघून मी पोहोचले तेव्हा शुद्ध होती, पण बोलता येत नव्हतं. तोंड उघडायचा, छाती वर यायची, आवाज नाही. वहिनीने त्याचा हात धरला होता. मी पायाशी बसले. त्याने माझ्याकडे पाहिलं की नाही ते मला आजही सांगता येणार नाही. कोणी काही बोललं नाही. अर्धं पानसुद्धा नाही.

त्यानंतर काही वर्षं मी कादंबरी हातात घेतली नाही. आता पुन्हा वाचते, पण माझी मतं कोणाच्या कामाची राहिलेली नाहीत. गेल्या महिन्यात म्हापशाच्या एका वाचक मंडळाने नव्या पुस्तकांवर बोलायला बोलावलं. दोन कादंबऱ्या होत्या आणि दुःखातून सावरण्याचे उपाय सांगणारं एक पुस्तक. त्यातला एक उपाय असा, की गेलेल्या माणसाला पत्र लिहा आणि मनातलं सगळं सांगून टाका. मी सभेत सांगितलं की सगळं सांगून टाकणं चांगलंच असतं असं लेखकाने धरून चाललंय, आणि तेवढ्यासाठी पुस्तक मला पटलं नाही. कादंबऱ्यांपैकी एकीत म्हातारी मरते. सुंदर लिहिलंय, सगळे म्हणाले. मी म्हटलं, हो, सुंदर लिहिलंय. अध्यक्षांना वाटलं मी पुढे काही बोलणार. मी खाली बसले.

दादाच्या श्राद्धाला मी दर वर्षी पाळीला जाते. वहिनी मला वाढते, काय हवं-नको विचारते, परतीच्या बसची वेळ सांगते. याशिवाय आम्ही दोघी बोलत नाही. यंदा निघताना मी धीर करून म्हटलं, “वहिनी, मी चुकले का?”

तिने ताटं गोळा केली. पाण्याची घागर आत नेऊन ठेवली. परत आली तेव्हा पदराला हात पुसत होती.

“बस चुकतली तुजी,” ती म्हणाली.