कुसुमने वाचून दाखवलेला कागद

कुसुम गेल्याचं मला तिच्या मुलीने फोनवर सांगितलं. सकाळचे दहा वाजले होते, मी कोथिंबीर निवडत होते. मीना इथेच इंग्लंडात जन्मलेली, तिचं मराठी अडखळतं. "काकू, आई सकाळी उठलाच नाही," ती म्हणाली. मी विचारलं, "डॉक्टर आले होते?" ती म्हणाली, "आले आणि गेले." फोन ठेवून मी उरलेली कोथिंबीर निवडली आणि डब्यात भरून ठेवली. मला रडू आलं नाही. लाज वाटली. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले, पण लाज काही कमी झालेली नाही. माणूस गेल्यावर या पुरवणीत त्याच्याबद्दल चांगलं लिहितात. कुसुमबद्दल चांगलं लिहायचं तर मला माझ्याबद्दल वाईट लिहावं लागेल, दुसरा रस्ता नाही.

कुसुम लीड्सच्या मोठ्या हॉस्पिटलात नर्स होती. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी. आम्ही लीड्सपासून बसने पाऊण तासावर एका लहान गावात हार्डवेअरचं दुकान चालवत होतो, वरच राहत होतो. मी चौथी शिकलेली. इंग्रजी बोलायला दुकानात शिकले, वाचायला नाही. आमच्या ह्यांना वाचता यायचं, पण ते "इथे सही कर" एवढंच सांगायचे. कुसुमला गुरुवारी सुट्टी असायची. ती बसने यायची, माझ्याकडे पिठलं-भात जेवायची आणि आठवडाभराचे कागद मला वाचून दाखवायची. कौन्सिलचं पत्र असो, शाळेचं असो, की माझ्या गुडघ्याच्या अपॉइंटमेंटचं. ओळीवर बोट ठेवून आधी इंग्रजी वाचायची, मग मराठीत सांगायची. मी एखादी ओळ सोडून दे म्हटलं तर म्हणायची, "नाही वहिनी, बारीक अक्षरातलंच महत्त्वाचं असतं." वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण त्या अर्ध्या तासात मास्तरीण व्हायची.

आमचं दुकान एका म्हाताऱ्या इंग्रजाकडून घेतलेलं. खिळे, रंग, रॉकेलचे स्टोव्ह, कुत्र्याचे पट्टे, आणि काउंटरमागच्या कपाटात बंदुकीची काडतुसं. आजूबाजूला सगळी शेतं. शेतकरी सशांवर आणि कावळ्यांवर बंदूक चालवायचे, शनिवारी क्लबात मातीच्या थाळ्या उडवून नेम धरायचे. पंचवीस काडतुसांचं एक खोकं असायचं. बंदूक ठेवायला पोलिसांचा परवाना लागायचा, पण काडतुसं घेताना तो दाखवायची सक्ती नव्हती. मोठ्या माणसाने मागितलं की आम्ही द्यायचो, जसे खिळे द्यायचो तशी. सुरुवातीची दोन वर्षं आमच्या काचेवर दगड पडायचे. क्लबचा सेक्रेटरी जेफ्री एका शनिवारी दहा-बारा जणांना घेऊन आला, सगळ्यांनी आमच्याकडून माल घेतला आणि दारात अर्धा तास गप्पा मारत उभे राहिले. त्यानंतर दगड पडला नाही. हे उपकार मी विसरले नव्हते, आजही विसरलेले नाही. पुढे जे झालं त्याचं कारण यातच आहे... कारण आहे, सबब नाही.

रॉय नावाचा एक शेतकरी होता. बायकोला मारायचा, हे गावाला ठाऊक होतं. बायकोने तक्रार केल्यावर पोलिसांनी त्याचा परवाना आणि बंदूक नेली. हे त्यानेच आमच्या काउंटरवर, चार माणसांसमोर शिव्या देत सांगितलं होतं. त्यानंतर महिन्याभराने तो आला आणि काडतुसांची दोन खोकी मागितली. मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "भावासाठी, लव्ह." इकडे दुकानातल्या कुठल्याही बाईला असंच म्हणतात. मी दिली. माझा विश्वास बसला असं म्हणणं सोयीचं आहे, पण तसं नव्हतं. मागे गिऱ्हाइकं उभी होती, गोऱ्या माणसाला सगळ्यांदेखत 'तुला कशाला हवीत' असं विचारायचं मला धाडस झालं नाही. आणि विचारायची रीतच नव्हती. बापाची जुनी बंदूक त्याने गोठ्यात लपवून ठेवली होती. चौथ्या दिवशी त्याने बायकोवर ती चालवली. जीन तिचं नाव. ती वाचली, पण खांदा कायमचा गेला, हात वर जायचा बंद झाला. तो तुरुंगात गेला. पोलीस आला, मी जे झालं ते सांगितलं, त्याने लिहून घेतलं आणि म्हणाला की कायद्याने तुमची काही चूक नाही. ह्यांनी त्याला चहा पाजला.

जीनला कुसुमच्याच वॉर्डात ठेवलं होतं. पुढच्या गुरुवारी कुसुम आली, जेवली, कागद वाचले. निघताना म्हणाली, "वहिनी, तुम्हाला माहीत होतं ना, त्याचा परवाना काढून घेतलाय ते?" मी म्हटलं, "माहीत होतं." ती म्हणाली, "बरं." एवढंच. मला वाटलं, विषय संपला.

त्याच वर्षी उन्हाळ्यात दक्षिणेकडे एका माणसाने बंदुकीने कितीतरी माणसं मारली होती. सगळा देश हादरला होता. सरकारने कायदा कडक करायचं ठरवलं, त्यात एक कलम असं होतं की परवाना दाखवल्याशिवाय काडतुसं विकायची नाहीत. आमच्या भागातले बंदूकवाले खवळले. जेफ्री दुकानात येऊन म्हणायचा, "एक माणूस वेडा झाला म्हणून आम्ही सगळे गुन्हेगार? पावसात दहा मैल गाडी चालवत यायचं आणि कागद घरी राहिला तर हात हलवत परत जायचं? चोर कधी काउंटरवर येऊन विकत घेतो का?" त्याचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं. चांगली माणसं होती ती. त्यांनी खासदाराला द्यायला अर्ज तयार केला, आणि काडतुसं विकणाऱ्या दुकानदारांसाठी वेगळं निवेदन. जेफ्री ह्यांना म्हणाला, "काउंटरवर तुझी मिसेस असते, तिची सही असली तर वजन पडेल. बाई, त्यातून परदेशातून आलेली, तीसुद्धा म्हणते की भीती नाही." ह्यांना ते फार आवडलं.

मी निवेदनाचा कागद गुरुवारपर्यंत ठेवला. कुसुमने बोट ठेवून वाचला. मधल्या एका ओळीवर बोट थांबलं. तिने इंग्रजी वाचलं, मग मराठीत सांगितलं, "माझ्या काउंटरवरून काडतुसं घेतलेल्या कोणाकडूनही आजवर कोणाला इजा झालेली नाही."

मी ताटं उचलायला लागले.

"परत वाचू?"

"कळलं मला."

"मग ही ओळ खोडा आणि बाकीच्यावर सही करा. परवान्याचं तुमचं मत तुमच्यापाशी. पण हे खोटं आहे."

"ओळ खोडली तर ते विचारतील का खोडली."

"विचारू देत."

"तुला काय होतंय," मी म्हटलं. "तुझा पगार महिन्याच्या महिन्याला येतो. दुकानाची काच फुटली तर तू येणार आहेस का झाडायला?"

ती म्हणाली, "येईन की. गुरुवारी येतेच आहे." तिने हसायचा प्रयत्न केला. मी हसले नाही. ती गेल्यावर मी त्या कागदावर मराठीत सही केली, पूर्ण नावाने. मला वाचता येत नव्हतं असं मी आज म्हणू शकले असते. पण तिने तीही सोय ठेवली नव्हती.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. अर्जावर मिळतील तितक्या सह्या हव्या होत्या, आणि जानेवारीत मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, लीड्समध्ये एका चर्चच्या हॉलात. मंडळात वयाने मोठी मीच, ताट माझ्याकडे असायचं, वाण आमच्या दुकानातलं. त्या वर्षी चहाची गाळणी होती. मी कुंकवाच्या ताटाशेजारी अर्जाचा कागद आणि पेन ठेवलं. हळद लावली, कुंकू लावलं, तिळगूळ दिला, गाळणी दिली की म्हणायचं, "इथे जरा सही कर गं." बायकांनी काय आहे विचारलं तर, "आमच्या दुकानाचं आहे." वाण हातात घेतल्यावर मोठ्या बाईला नाही कोण म्हणणार? अकरा सह्या झाल्या. ज्यांनी जन्मात बंदूक पाहिली नव्हती अशा अकरा बायका, निम्म्या तर डॉक्टरांच्या घरातल्या.

इथे सांगायला हवं की विधवा असूनही कुसुमला मी दरवर्षी बोलवायची. मंडळात काहींनी नाकं मुरडली तेव्हा मीच भांडले होते, आणि त्याचा मला गर्व होता. त्या दिवशी ती ड्यूटीवरून आली, कोटाखाली गणवेश होता. मी तिला कुंकू लावलं. तिने कागद पाहिला, उचलला आणि जिचा नवरा डॉक्टर अशा एका तरुण मुलीने "काय आहे हो ते?" विचारलं म्हणून सरळ मराठीत वाचायला लागली. मोठ्याने नाही, मला वाचून दाखवायची तसंच, बोट ठेवून. बायका जवळ सरकल्या. ती तरुण मुलगी म्हणाली, "अय्या, म्हणजे मी बंदुकीसाठी सही केली? माझे मिस्टर कॅज्युअल्टीत असतात, ते घटस्फोट देतील मला." बायका हसल्या. कुसुम हसली नाही. ती म्हणाली, "ज्यांना नाव काढायचंय त्यांनी काढा. वहिनी रागावणार नाहीत."

मी रागावले. मी म्हटलं, "नवरा नसलेल्या बाईला कुंकवाला बोलावलं हीच माझी चूक झाली. लोक सांगत होते, मी ऐकलं नाही."

शब्द जसेच्या तसे लिहिते आहे. तिथे असलेल्या बायका अजून आहेत, त्या वाचतील.

कुसुमने कागद ताटाशेजारी ठेवला. कोटाची बटणं लावली. गाळणी घेतली नव्हती, ती टेबलावरच राहिली. कपाळावर मी लावलेलं कुंकू होतं, ते तिने पुसलं नाही, तशीच बस स्टॉपवर गेली. नावं मात्र सात जणींनी खोडली. खोडाखोड झालेला कागद मी जेफ्रीला दिलाच नाही. दुकानदारांच्या त्या निवेदनावर माझी सही गेली, ती गेलीच.

मला वाटलं, आता ती येणार नाही. पण ती गुरुवारी आली. वीजबिलाचं पत्र वाचलं, मागच्या बिलातला फरक सांगितला, निघून गेली. जेवली नाही. त्यानंतर दहा वर्षं ती येत राहिली, आधी दुकानावर, मग आम्ही लीड्समध्ये राहायला आलो तिथे, पण माझ्या घरात तिने कोट कधी काढला नाही. कोट घालूनच खुर्चीत बसायची, उन्हाळ्यातही पातळ कोट. मी एकदाही म्हटलं नाही की कुसुम, कोट काढ. ते म्हणायचं तर आधी दुसरं काहीतरी म्हणावं लागलं असतं... ते मी टाळत राहिले. दहा वर्षांत पाचशेहून जास्त गुरुवार असतात.

कायदा झाला. पहिले दोन आठवडे लोक कुरकुरले, मग खिशातून परवाना काढून काउंटरवर ठेवायला लागले. मी पाहायची, परत द्यायची. अर्धं मिनिट लागायचं. कुणी आमच्याकडे यायचं सोडलं नाही, काच फुटली नाही. जेफ्रीसुद्धा हसत परवाना दाखवायचा, म्हणायचा, "फोटोत मी बरा दिसतो की नाही?" ज्याच्यासाठी मी इतकं केलं ते सगळं अर्ध्या मिनिटाचं होतं.

हे गेले तेव्हा मंडळातून मला हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. कुणी काही बोललं नाही, नुसतं बंद झालं. कुसुमला ते कळलं असणारच. तिने विचारलं, "पेन्शनचे फॉर्म आलेत का? आणा, वाचू."

तिच्या अंत्यविधीनंतर सगळे तिच्या घरी जमले. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हटलं, कुसुम फार मदत करायची. खाली बसले. स्वयंपाकघरात कप धुवायला गेले तर तिथे एक गोरी बाई आधीच धूत होती, एका हाताने, दुसरा कोपर अंगाशी धरून. मला ओळखायला वेळ लागला. तिने विचारलं, "तुम्ही कुसुमच्या कोण?"

मी तिला म्हटलं, माझ्या मोडक्या इंग्रजीत, की ती खोकी मी विकली. मला माहीत होतं त्याचा परवाना नाही, तरी विकली. आणि मग लिहून दिलं की कुणाला काही झालं नाही.

जीनने नळ बंद केला. "विकलीत ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "खोक्यावर तुमच्या दुकानाची चिठ्ठी होती. लिहून दिलंत ते माहीत नव्हतं." तिने हातातला कप निथळायला पालथा ठेवला. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी माफी मागितलीही नाही, कारण ती मागायची जागा, म्हणजे कुसुम, आदल्या आठवड्यात गेली होती. मग तिने फडका माझ्या हातात दिला. "पुसा," म्हणाली. "मी दर मंगळवारी इथे यायचे. ती माझ्या खांद्याला व्यायाम द्यायची. हॉस्पिटलने हात टेकले, तिने नाही टेकले."

मी कप पुसून वरचं कपाट उघडायला गेले. जीन म्हणाली, "तिथे नाही." तिने ओट्याखालचं दार उघडलं. कपबशा, चहाचा डबा, साखर, रोज लागणारं सगळं कमरेच्या खाली एका फळीवर होतं. कुसुम उंच बाई होती, आणि तिची पाठ दुखायची. वरची कपाटं रिकामी होती. मी वाकून एकेक कप त्या फळीवर ठेवला.