तिच्यादेखत बोललेली मराठी

आमच्या घरची मराठी तीनशे वर्षं जुनी. पुण्याचे पाहुणे ती ऐकून गालातल्या गालात हसतात. कुंभकोणमच्या बाजारात मात्र ती फार उपयोगी. साडीवाल्यासमोर मी धाकट्या जावेला खुशाल सांगते, "अस्क्यांत हीच बरी, पण तोंडावर दाखवूं नको." 'अस्कं' म्हणजे सगळं, हे त्याला काय कळणार!

समोरच्या घरातली नऊ वर्षांची पोर रोज दुपारी आमच्या नातीबरोबर खेळायला येई. आई वारलेली, मामा-मामीकडे राहायची. तिच्याशी आम्ही तमिळ बोलायचो आणि तिच्याबद्दल, तिच्यादेखतच, मराठी. पोंगलच्या सुमारास तिच्या दंडावर पहिला डाग दिसला, उलथन्याच्या कडेएवढा.

"पाहिलीस? मामीनंच डागलं," मी म्हटलं.

"पावम् पोर," जाऊ हळहळली. "पण लोकांची उठाठेव आमास कां?"

आडी महिना, म्हणजे आषाढ, लागेपर्यंत आमचं हेच चाललं होतं. नवा डाग दिसला की चुकचुकायचं, आणि पोरीच्या हातावर चकलीसारखा एक मुरुक्कू ठेवायचा. आम्हांला वाटायचं, आपण किती मायाळू!

एका दुपारी तिची बाही वर सरकली. ताजा फोड होता. मी सवयीनं जावेकडे वळून म्हटलं, "आज पुन्हा."

"काल," पोर म्हणाली. मराठीत! "काल केलं मामीनं. तुमास अस्कं ठाऊक होतं की, आज्जी. मग कोणास सांगितलं नाहीं कां?"

चार वर्षं आमच्या घरात वावरलेली पोर, तिला आमची भाषा येणार नाही असं आम्ही कशावरून धरून चाललो होतो? सहा महिने ती सगळं ऐकत होती. आज तरी या दोघी उठतील, म्हणून वाट पाहत होती. मला स्वतःची किळस आली.

तिथूनच मी मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावला. पुरावा मागतील, कोर्टात खेचतील, ही माझी भीती. पलीकडची बाई म्हणाली, नुसता संशय असला तरी सांगा, खात्री आम्ही करू, तुमचं नाव बाहेर जाणार नाही. पाच मिनिटांचं काम! संध्याकाळच्या आत अधिकारी येऊन तिला घेऊन गेले. आता ती तिरुनागेश्वरमला आत्याकडे असते. मग गल्लीला कंठ फुटला. इडलीवालीला ठाऊक होतं, शाळेच्या ऑटोवाल्याला ठाऊक होतं. दुसरं कुणी सांगेल, असं प्रत्येकालाच वाटत होतं.

पण त्या फोनवरचा एक प्रश्न मला अजून सोडत नाही.

"हे तुम्हांला कधीपासून माहीत आहे?" त्या बाईनं विचारलं होतं.

'आजच कळलं' हे अगदी ओठांवर आलं होतं. पोर पायरीवर बसून माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"पोंगलपासून," मी म्हणाले.

तेव्हा कुठे ती रडायला लागली.