अण्णांची वाट आणि तात्यांची म्हैस

डॉक्टर लग्नाला गेला की लोक त्याला जीभ दाखवतात. वकील गेला की सातबारा दाखवतात! त्यातून कोल्हापुरात जमीनजुमल्याची कामं करणारा वकील म्हणजे तर विचारूच नका. पंगतीत भाताचा पहिला घास तोंडापाशी आला की शेजारचा अनोळखी माणूस सरकून जवळ येतो आणि म्हणतो, "पावणं, तुम्ही वकील नव्हं? एक बारकंसं इचारायचं हुतं." हे बारकंसं त्याच्या आजोबांपासून सुरू होतं आणि मठ्ठा आला तरी वडिलांपर्यंत पोचलेलं नसतं.

अशानं इतक्या वर्षांत किस्से साठत गेले. माळ्यावरच्या भांड्यांसारखे. कुठलं कधी आलं ते आता आठवत नाही. एका हंगामातले मात्र सगळे लक्षात राहिले, कारण त्या हंगामात आमच्या ऑफिसच्या बाकावर अण्णा बसलेले असायचे.

अण्णा बिद्रीच्या बाजूचे शेतकरी. पुढं चुलतभावाचं, म्हणजे तात्यांचं शेत आणि त्याच्या पाठीमागं अण्णांचं. तात्यांच्या शेतातून गाडीवाट. दिवाळी झाली आणि तात्यांनी त्या वाटेच्या तोंडाला काट्यांचा ढीग रचला. वर तहसीलदारांकडे लेखी सांगितलं की इथं वाट कधी नव्हतीच! इकडे अण्णांचा ऊस तोडीला आलेला. आज ना उद्या तोडणीवाल्यांची टोळी येणार, आणि ट्रॅक्टर आत गेला नाही तर ती पुढच्या शेतात निघून जाणार. मग उभ्या उसाला तुरा आणि अण्णांच्या तोंडाला फेस. आम्ही वाट मोकळी करून मागायचा अर्ज केला होता. तारखा पडत होत्या. अण्णा दर दोन दिवसांनी एसटीनं यायचे, बाकावर बसायचे आणि विचारायचे, "माझ्या उसाचं काय?"

मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "भांडण कशावरनं झालं?"

आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून पळवतात. मालक सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलवर पुढं आणि त्या फाडफाड आवाजामागं म्हैस, शेपटी वर करून! त्या पाडव्याला तात्यांची राणी पहिली आली. चौकात तात्यांना गुलाल लागत होता, तेवढ्यात अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "बाकीच्या म्हशींनी मनावर घेतलं न्हाय, म्हणून हिचा नंबर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटेवर काटे.

"मग जाऊन म्हणा की चुकलं, राणीच पहिली आली," मी म्हणालो.

अण्णांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "वकीलसाहेब, कायद्याचं बोला."

*

शिवाजी पेठेतले दोन सख्खे भाऊ. घराची वाटणी झाली तेव्हा मधोमध चार इंची भिंत घातली आणि संबंध संपले. एक दिवस थोरले मोबाईलमध्ये फोटो घेऊन आले.

"धाकट्यानं भिंतीत खिळा मारलाय."

"त्याच्या बाजूनं ना?"

"मारला त्याच्या बाजूनं. पर टोक माझ्या घरात आलंय! ह्ये अतिक्रमण न्हवं?"

मी फोटो मोठा करून पाहिला. टोक कुठं दिसेना. भिंतीवर नुसतं कॅलेंडर.

"टोक कुठाय यात?"

"कॅलेंडरच्या मागं हाय की. त्येलाच अडकवलंय!"

बाकावरून अण्णा म्हणाले, "अवो, मग खिळा काढला तर कॅलेंडर कशाला अडकवणार?"

थोरल्यांनी गंभीरपणे विचार केला. खरंच पेच होता. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नोटिशीत असं लिवा. खिळा तेवढा काढून घे, टोक ऱ्हाऊ दे!"

*

ऑफिसात निदान टेबल तरी मधे असतं. सलूनमध्ये तेही नाही. मी खुर्चीत, मान मागं, तोंडाला फेस, आणि आमच्या नेहमीच्या कारागिराचा वस्तरा बरोबर गळ्यावर.

"साहेब, एक बारकंसं इचारू? बारा वर्सं भाड्यानं बसलं की दुकान आपलंच हुतंय म्हणं. खरं हाय काय?"

हा समज आपल्याकडे आईच्या दुधातूनच मिळत असावा. भाडं देणारा भाडेकरू बारा काय, बावन्न वर्षं बसला तरी भाडेकरूच. पण हे सांगायची ती जागा नव्हती.

"आधी वस्तरा खाली ठेव, मग सांगतो," मी ओठ न हलवता म्हणालो.

त्यानं मोठा सुस्कारा सोडला. "म्हंजे हुत न्हाय तर!"

*

हुपरीत घरोघरी चांदीचे पैंजण घडतात. तिथं नोकरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ नवीन घर घेऊन राहायला गेले. शेजारी पैंजणांचा कारखाना. महिन्याभरात ते माझ्यासमोर होते, इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर संताप.

"त्यांचे कामगार रोज सकाळी पोती आणि पायपुसणी माझ्या दारात झटकतात. अंगणभर केर! मला न्याय पाहिजे."

कडक नोटीस पाठवली. शेजाऱ्याच्या वकिलाचं उत्तर इतकं नम्र आलं की मला शंकाच यायला हवी होती. झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी, यापुढं असं होणार नाही, आणि तुमच्या अशिलांच्या अंगणात आजवर पडलेला सगळा केर आम्ही आमच्या खर्चानं झाडून घेऊन जाऊ!

मी फोन करून अभिनंदन केलं.

दुसऱ्या दिवशी गृहस्थ धापा टाकत हजर. मधल्या वेळात त्यांना कुणीतरी गावची रीत सांगितली होती. कारखान्यातला केर हुपरीत कुणी टाकत नाही. घासताना उडालेली चांदी त्यात असते, म्हणून तो साठवून गाळायला देतात.

"वकीलसाहेब," ते खुर्चीवर न बसताच म्हणाले, "माझ्या अंगणात पडलं ते माझं, असा काही कायदा आहे का हो?"

अण्णा हसून हसून बाकावर आडवे झाले. उठल्यावर डोळे पुसत म्हणाले, "बरं, माझ्या उसाचं काय?"

*

एका शाळेतल्या गुरुजींना प्लॉट घ्यायचा होता. एजंट स्वतःच त्यांना माझ्याकडे घेऊन आला. पांढरी पँट, पांढरे बूट, गॉगल डोक्यावर.

"साहेब, रोड टच प्लॉट हाय. गुरुजींना सांगा बिनघोर घ्या म्हणून."

मी नकाशा उघडला. या बाजूला पाहिलं, त्या बाजूला पाहिलं. चारी बाजूंनी शेतं.

"रोड कुठाय?"

"यायचा हाय."

"म्हणजे आत्ता नाही?"

"साहेब, प्लॉट रोडला टच हाय. रोड अजून प्लॉटला टच झाल्याला न्हाय, येवढंच!"

गुरुजींचा हात धरून मी त्यांना वाचवलं. पण अण्णा त्या एजंटाकडे फार कौतुकानं बघत होते. तो गेल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "वकीलसाहेब, ह्यो गडी आपल्याकडनं साक्षीला चालंल काय? तात्याला असल्याली वाट दिसंना, आन् ह्येला नसल्याला रोड दिसतोय!"

*

सगळेच किस्से हसायचे नसतात. एकदा एक दादा आपल्या बहिणीला घेऊन आले. आक्कांनी वडिलांच्या जमिनीतला हिस्सा सोडून द्यायचा, त्याचा कागद करायचा होता. घाईत होते. असल्या कागदाआधी मी घरच्यांना बाजूला ठेवून बाईंशी बोलतो, म्हणून दादांना चहाला पिटाळलं.

"आक्का, राजीखुशीनं सोडताय ना?"

"न्हाय."

"मग आलात कशाला?"

आक्कांनी पदर सारखा केला. "दादा गाडी घिऊन न्यायला आलता. वाटंत थांबून उसाचा रस पाजला. पोरांची, गुडघ्याची, समद्याची चवकशी केली." मग जरा थांबून म्हणाल्या, "कागुद हुईना म्हणून तरी येतोय. एकदा सही दिल्यावर कोण येणार वो?"

दादा परत आले तेव्हा मी म्हणालो, "कागद अजून तयार नाही. पुढच्या महिन्यात आक्कांना घेऊन या."

बाकावरून अण्णांचा आवाज आला, "आन् येताना रस पाजूनच आणा!"

तो कागद माझ्याकडे अजूनही तयार झालेला नाही.

*

आणि मग एकदाचा अण्णांच्या वाटेच्या पाहणीचा दिवस उगवला. टोळी शेजारच्या शेतात येऊन ठेपली होती. आज वाट मोकळी झाली तर ऊस जाणार, नाहीतर राहिला. अण्णांनी आदल्या दिवशी चार वेळा फोन करून मला हेच ऐकवलं होतं.

मी माझ्या जुन्या मोटारसायकलवर निघालो. उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्त्याची चाळण केलेली. गावाच्या अलीकडे गाडी एका दगडावर आदळली आणि खणकन सायलेन्सर निखळून पडला. तो उचलून मागं बांधला आणि फाडफाड आवाज करत पुढं गेलो. गाव गोळा होऊन बघायला लागलं.

रस्त्याच्या कडेला मंडळ अधिकारी पंचनाम्याचे कागद घेऊन उभे होते. शेजारी दोन पंच, अण्णा, आणि काट्यांच्या ढिगापुढं छाती काढून तात्या.

"साहेब, हितनं वाट न्हाईच," तात्या सांगत होते. "हितनं कोंबडंबी कधी गेल्यालं न्हाय!"

मी जाऊन थांबलो. गाडी बंद केली तर परत चालू व्हायची नाही, म्हणून तशीच चालू ठेवली. फाड फाड फाड फाड!

तात्यांच्या गोठ्यात म्हैस रेकली. मग दावं तुटल्याचा आवाज. आणि कोपऱ्यावरून राणी आली, शिंगं खाली, शेपटी वर! अधिकारी एकीकडे, पंच दुसरीकडे, मी गाडी सोडून लिंबाच्या झाडामागं. पण तिनं आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शिंगांनी काट्यांचा ढीग उडवला आणि आत शिरली. बाभळीपाशी वळली, बांधाच्या कडेनं सरळ गेली, अण्णांच्या उसाच्या तोंडाशी पोचली, तिथं गर्रकन वळली आणि त्याच वाटेनं परत आली. दिवाळीपर्यंत तात्या रोज पहाटे तिचा सराव जिथून घ्यायचे, ती ही जागा!

परत येऊन ती तात्यांपुढं मान खाली घालून उभी राहिली. तात्यांचा हात आपोआप खिशात गेला. गुळाचा खडा बाहेर आला.

मी गाडी बंद केली. राणी गूळ खात होती, तेवढाच आवाज.

अधिकाऱ्यांनी टोपी सावरली. "तात्या, काय लिहू?"

अण्णांना राहवलं नाही. "लिवा साहेब, वाट न्हाय म्हणून लिवा! तात्या खोटं कशाला बोलतील? मग वाटंवरनं गेल्याली ही म्हैसबी त्यांची नसणार. कुणाचीतरी चुकून आल्याली हाय!"

तात्या लालबुंद झाले. एकदा काट्यांकडे पाहिलं, एकदा राणीकडे. मग तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "म्हैस माझी हाय! वाट हाय म्हणून लिवा साहेब, आत्ता मोकळी करतो. पर एक अट हाय. पाडव्याला राणीचा पहिला नंबर खराच हुता, आसं ह्या अण्णानं समद्या गावापुढं म्हणायचं!"

सगळे अण्णांकडे बघायला लागले. शेजारच्या शेतात टोळीचा मुकादम ट्रॅक्टर चालू करून वाट बघत होता. अण्णांनी आपल्या उसाकडे पाहिलं. ट्रॅक्टरकडे पाहिलं. राणीकडे तर बराच वेळ पाहिलं. मग मला दंडाला धरून बाजूला नेलं आणि हळू आवाजात म्हणाले,

"वकीलसाहेब, एक बारकंसं इचारायचं हुतं. माझ्या वावराला दुसऱ्या कुणाच्या शेतातनं वाट मिळती काय, बघा की!"