फळ्यावर काही नव्हतं

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, आणि ज्यांच्या हाताखाली वकिली शिकलो त्या बापूसाहेबांना तर नाहीच. आज तुम्हाला सांगायला बसलोय आणि तळहाताला घाम सुटलाय. या वयात! त्या गोष्टीतलं बहुतेक कोणी आता उरलं नाही, मग भीती कोणाची? ते मलाही धड सांगता येत नाही. पण वाटते, हे खरं.

आधी फळ्याचं सांगतो. म्हणजे मुद्द्याचं थोडं लांबवतो — कळतंय मला.

बापूसाहेबांची वकिली मलकापूरला, पण बाजाराच्या दिवशी ते धामणगाव बढेला एका भाड्याच्या खोलीत बसत. मी त्यांचा ज्युनियर. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि नवे नियम येतच होते. शेर-पायली जाऊन किलो-लिटर आले होते, जिल्हा परिषद आली होती, लोक पार गोंधळून गेले होते. म्हणून बापूसाहेबांनी खोलीबाहेर एक काळा फळा टांगला. त्यावर कोर्टाच्या आणि कायद्याच्या बातम्या, आणि खाली जिवाला जपण्याच्या सूचना. कुठल्या नाल्याचा पूल खचलाय, कुठे पिसाळलेलं कुत्रं फिरतंय, कुठल्या विहिरीचं पाणी पिऊ नये. माणूस गेल्यावर कायदा काय कामाचा, असं ते म्हणत. फळा लिहायचं काम माझं. आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांना वाचून दाखवायचं कामही माझंच.

लोकांचा त्या फळ्यावर भारी विश्वास. फळ्यावर आलं म्हणजे खरं, एवढंच नाही — फळ्यावर नाही म्हणजे घोर नाही, असंही त्यांनी आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. बाजार उरकला की माणसं पिशव्या खाली ठेवून विचारत, "काही हाय का जी आज?" मी नाही म्हटलं की निवांत घरी जात. मला त्याची ऐट वाटायची. खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी बापूसाहेब तारखेसाठी अकोल्याला गेले होते. मी एकटाच. विहिरींना सुरुंग लावण्याचे ठेके घेणारा एक जण आत आला, दार लोटून घेतलं आणि बसला. रोहिणखेडच्या वाटेवर एका मळ्यात त्याचं काम चाललं होतं. लावलेल्या सुरुंगांतला एक बार उडालाच नव्हता. दारू तशीच खडकात, वर दगडांचा ढीग. पहारीचा एक ठोका बसला की खेळ खलास. उद्यापासून दगड काढायला माणसं उतरणार होती. त्याला एवढंच विचारायचं होतं, की काही बरंवाईट झालं तर अंगावर काय येईल?

मी म्हणालो, काम थांबवा, पोलिसांना कळवा. तो हसला. काम थांबलं तर मालक ठेका काढून घेईल आणि परवानाही जाईल, म्हणाला. मग उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हे तुमच्या-माह्यातच राहू द्या, वकीलसाहेब. तुमाले बी याच रस्त्यानं सायकलवर जानं-येनं असते." बस, एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही.

तो गेला. मी खडू घेतला. त्या विहिरीत कोणी उतरू नये, एक सुरुंग न फुटता आत आहे — असं लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं. मागे सरून वाचलं. तो हात अजून खांद्यावरच असल्यासारखा वाटत होता. बाजाराच्या गर्दीत तो कुठून बघत असेल का? मी ओलं फडकं घेतलं आणि पुसलं. नुसतं पुसलं नाही — ओलेपणा दिसू नये म्हणून सदऱ्याच्या बाहीनं कोरडंही केलं.

थोड्या वेळानं तुळशीराम आला, बायकोला घेऊन. थोडी कोरडवाहू जमीन होती त्याची, उरलेल्या दिवसांत मजुरीला जाई. बाई पार्वता, डोक्यावर टोपली. तो म्हणाला, "त्या मळ्यातल्या हिरीत उद्या उतराचं हाय. पोट्टे म्हनून राह्यले का एक बार उडालाच नाई. ठेकेदार म्हनते सारे उडाले. फळ्यावर काही आलं काय जी?"

तुम्ही ऐकताय ना? तो विचारायला आला होता. मुद्दाम वाट वाकडी करून आला होता. आणि मी — फळ्याकडे वळून, वाचल्यासारखं करून — म्हणालो, "नाही. फळ्यावर तसं काही नाही."

खोटं नव्हतं ते. फळ्यावर नव्हतंच. या पळवाटेवर मी कित्येक वर्षं जगलो.

"मंग झालं," तुळशीराम म्हणाला आणि बायकोला चल म्हणाला. मी त्याला हाक मारली असती तर वळला असता. हाक घशापर्यंत आलीही. तेवढ्यात रस्त्यापलीकडे कोणी तरी खाकरलं, मला तो ठेकेदार वाटला, आणि मी आत जाऊन बसलो. तो नव्हताच तिथे.

दुसऱ्या दिवशी तुळशीराम त्या विहिरीत गेला. त्याच्याविषयी याहून जास्त मला सांगवत नाही.

बापूसाहेबांनी पार्वतेची केस फुकट घेतली. ठेकेदार कोर्टात म्हणाला, बार राहिल्याचं मला ठाऊकच नव्हतं. त्याला ठाऊक होतं हे सांगू शकणारा एकच माणूस त्या कोर्टात होता, आणि तो पार्वतेच्याच बाजूच्या टेबलाशी कागद चाळत बसला होता. पक्षकाराचं गुपित, म्हणाल तुम्ही? त्यानं आमच्याकडे वकालतनामा दिला नव्हता, पुढेही कधी दिला नाही. नुसता येऊन विचारून गेलेला माणूस. मी भ्यालो होतो, दुसरं काही नाही. आधी त्याला भ्यालो, मग बापूसाहेबांना, मग त्या बाईला. साक्ष देताना ठेकेदारानं एकदाच माझ्याकडे पाहिलं. तो बोलला तर तोच अडकणार, मी बोललो तर मी. दोघंही गप्प राहिलो. पार्वता हरली.

इथपर्यंत तरी मी मनाशी पूर्वीही आलोय. याच्या पुढचं मात्र टाळत आलो.

निकालानंतरच्या बाजाराला ती आली. डोक्यावर तीच टोपली. बापूसाहेब आत होते, मी फळ्यापाशी. मला वाटलं, हिला कळलंय. ती बराच वेळ फळ्याकडे बघत उभी राहिली, आणि मग माझ्याकडे वळून — माझीच समजूत घालायला लागली.

"तुमी जिवाले लावून नका घेऊ. मी बाजूलेच होती ना तवा. तुमाले मालूम असतं तं तुमी लिवलंच असतं. असतं ना जी?"

बापूसाहेब दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी डोळे पुसले.

"हाव," मी म्हणालो.

तिनं टोपली खाली ठेवली आणि विचारलं, "आज काही हाय का?" मी वाचून दाखवलं. पुढच्या बाजारालाही ती आली, त्याच्या पुढच्याही. फळा होता तोवर येत राहिली, आणि मी वाचत राहिलो.