टोप्या घातलेली अक्षरं

आमच्या गावाची वेबसाइट मी केली होती. गाव वसईच्या किनाऱ्यावरचं, ख्रिस्ती कोळ्यांचं. तेव्हा घरटी एखादा तरी गल्फला नाहीतर जहाजावर असायचा. त्यांना घरची खबर कळावी म्हणून चर्चमधल्या मिस्सांच्या वेळा, लग्नं, मयतं असं सगळं मी मराठीतून टाकायचो. मराठीतून! त्याचा मला कोण माज. दिवसा वालीवच्या एका कारखान्याच्या ऑफिसात कम्प्युटरवर कॅटलॉगची पानं करायचो आणि सुटल्यावर चर्चच्या ऑफिसातल्या मशीनवर गावाचं पान.

शेजारच्या मावशीचा एकुलता मुलगा मालवाहू जहाजावर होता. जहाज बंदराला लागलं की खलाशांच्या क्लबात जाऊन तो आधी आमचं पान बघायचा. सगळं ठीक दिसलं तर घरी फोनसुद्धा करायचा नाही.

एका सकाळी मावशीच्या नवऱ्याचं, आमच्या काकांचं, अंग लुळं पडलं. वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, फार दिवस नाहीत. जहाजाच्या कंपनीत फोन केला, तर ‘निरोप पोचवू’ म्हणाले आणि ठेवून दिला. मग मावशी माझ्याकडे आली.

“तुज्या त्या पानावर लिव रे पोरा. बापाचे डोळे दाराला लागलेत. म्हनावं फोन कर, नि लगेच ये.”

“आत्ता लिहितो, मावशी.”

लिहिलं. लाल, ठळक, अगदी वर. चर्चच्या मशीनवर उघडून बघितलं, झकास दिसत होतं.

दिसणारच! तो मराठी फॉन्ट त्या मशीनमध्ये मीच टाकलेला. परक्या मशीनवर निळ्या ‘ई’चा ब्राउझर असेल तर फॉन्ट आपोआप उतरायचा, दुसरा ब्राउझर असेल तर नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण गावात कुणाकडे दुसरा ब्राउझर नव्हता, म्हणून जगात कुणाकडे नसेल असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी पानावरच्या अभिप्रायांच्या वहीत इंग्रजी अक्षरांत एक ओळ आली. खाली नाव नाही. ‘मराठी वाचता येत नाही, वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं दिसतात. सणाचा फोटो छान.’

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वालीवच्या ऑफिसात दुसरा ब्राउझर टाकून पान उघडलं, तर खरंच, काकांच्या आजारपणाच्या जागी टोप्या नि शेपट्या लावलेल्या इंग्रजी अक्षरांची जत्रा. मग मी इरेला पेटलो. त्या ब्राउझरसाठी फॉन्टची वेगळी फाईल बनवली. ती उतरली, पण वेलांट्या वरच्या ओळीत घुसल्या. स्टाईलशीटमध्ये ओळींची उंची वाढवली, तर इथे सरळ झालं आणि निळ्या ‘ई’मध्ये मजकूर फोटोच्या मागे गेला. ते निस्तरलं तर हे बिघडलं. दोन दिवस मी साप सोडून भुई धोपटत होतो. ती ओळ कुणी लिहिली असेल, हा विचार एकदाही मनात आला नाही. मावशी कुंपणावरून विचारायची, मी म्हणायचो, “काम चालू आहे.”

तिसऱ्या दिवशी हात टेकले आणि सगळ्या मजकुराचं चित्र करून पानावर चिकटवलं. चित्र कुठल्याही ब्राउझरला दिसतं. दहा मिनिटांचं काम. वहीत त्या अनोळखी माणसाला ऐटीत उत्तर लिहिलं, ‘आता बघा.’

काका पुढच्या आठवड्यात गेले. मुलाचा फोन नाही. होड्यांवर मासळीसाठी नेतात तो बर्फ फोडून आम्ही पेटीत भरला आणि दफन एक दिवस थांबवलं. दुसऱ्या दिवशी फादर म्हणाले, आता नको. मुलाच्या वाटची मूठभर माती मी टाकली.

तो आला तीन आठवड्यांनी. कंपनीचा निरोप त्याला पुढच्या बंदरात मिळाला होता. मागच्या अंगणात, बोंबील सुकवायच्या काठ्यांपाशी, तो हळूच म्हणाला, “वहीत मीच लिहिलं होतं. दोन दिवस होतो त्या बंदरात. दोनदा जाऊन बघितलं. फोटो सणाचा, म्हणून वाटलं घरी सगळं ठीक.”

मी हाताशी आलेली काठी उगाच सरळ करू लागलो.

“इंग्रजी अक्षरांत तीन शब्द टाकायचे होतेस रे. बाबा आजारी, ये. तिथूनच विमान पकडलं असतं.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्याचा बाप त्याच्यापासून तोडला होता, आणि तोही वेलांट्या सरळ करत बसून.

तेवढ्यात मावशी चहा घेऊन आली. “पन तुला दिसलं कसं नाय? यानं तर लाल अक्षरांत लिवलेलं.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “क्लबातला कम्प्युटर बंद होता, आये.”

मावशीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. “तू तुजं केलंस, पोरा.”

आणि मी मान डोलावली.